वगैरेत कोण कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेचं काम चाललं होतं. मराठी मजकूर जवळजवळ हातावेगळा झाला होता. मग एक इंग्रजी पानही हवं असं ठरलं, कारण गावातली कितीतरी घरं आता पुण्या-मुंबईच्याही पलीकडे जाऊन राहिली आहेत आणि त्यांच्या नातवंडांना मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. कुणीतरी ते पान लिहून आणलं आणि मी तपासायला घेतलं. बाहेर धो धो पाऊस होता. ओल्या छत्र्या आणि जुनी पुस्तकं यांचा मिळून एक वास येतो, तो सगळ्या हॉलभर पसरला होता. टेबलाच्या पलीकडे आमच्या गल्लीतल्या एक काकू वर्गणीची पावतीपुस्तकं लावत बसल्या होत्या. इंग्रजी पानावर संस्थापकांची तीन नावं होती आणि चौथ्या जागी ‘एटसेट्रा’. काकूंनी पान उचललं, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे ई-टी-सी म्हणजे आमचे मामंजी का गं?”

त्यांचे मामंजी म्हणजे सासरे. वाचनालय सुरू झालं तेव्हा पुस्तकबांधणीचं काम त्यांच्याकडे होतं. घरी मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचं, सुटी झालेली पानं शिवायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचं, हे सगळं काकूंनी लग्न होऊन आल्यावर डोळ्यांनी पाहिलेलं. निळसर झाक असलेली ती खळ मीही लहानपणी पाहिली आहे. त्यांनी बांधलेली पुस्तकं आजही कपाटात आहेत आणि नवी पुस्तकं मोडून पडतात तेव्हा ती ताठ उभी असतात. काकूंच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. बसच्या यादीत आपली जागा कुठली हे विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. मला मात्र त्या प्रश्नाने पुढे कित्येक दिवस सोडलं नाही.

दुरुस्ती तशी सोपी होती. इंग्रजीच्या रीतीप्रमाणे ‘एटसेट्रा’ वस्तूंना लावतात, माणसांना नाही. माणसांसाठी ‘अँड अदर्स’ म्हणायचं, किंवा विद्वानांच्या लिखाणात ‘एट अल’. मी पेन्सिलीने तसं केलंही. पण त्याने भाषा सुधारली, काकूंना उत्तर मिळालं नाही. ‘अदर्स’मध्ये तरी मामंजी आहेत का, हे पान वाचून कुणाला कळणार होतं?

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सर निबंधात ‘एटसेट्रा’ दिसलं की तांबडी रेघ मारायचे. “पुढचं माहीत असेल तर लिही. नसेल तर पूर्णविराम दे,” एवढंच म्हणायचे. ‘माय व्हिलेज’ या निबंधात आम्ही सगळे ‘देअर आर मँगो ट्रीज, नीम ट्रीज, एटसेट्रा’ असं लिहायचो, कारण तिसऱ्या झाडाचं इंग्रजी नाव येत नसे. उंबर, पिंपर्णी, करंज ही ओढ्याकाठची सगळी झाडं त्या एका शब्दात जाऊन बसायची. पुढे इंग्रजी लेखनाचे नियम वाचले तेव्हा सरांच्या रेघेमागचं कारण कळलं. यादीत निदान दोन वस्तू तरी सांगितल्याशिवाय ‘एटसेट्रा’ लावू नये, कारण एकाच वस्तूवरून जात ओळखता येत नाही. ‘सच अ‍ॅज’ किंवा ‘फॉर एक्झाम्पल’ आधी आलं असेल तर शेवटी ‘एटसेट्रा’ नको, कारण ही नुसती उदाहरणं आहेत हे आधीच सांगून झालेलं असतं. दोन्ही नियमांच्या पोटात एकच काळजी आहे: समोरच्याला उरलेली यादी स्वतःच्या मनाने पुरी करता आली पाहिजे.

आणि ती पुरी करणारा माणूस भेटला की काय होतं, हेही मी पाहिलं आहे. आमची आजी किराण्याची यादी सांगायची आणि मी लिहायचे. तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहापूड, आणि शेवटी “पूजेचं सामान वगैरे.” मी विचारायचे, वगैरेत काय काय लिहू? आजी म्हणायची, त्याला कळतं. आणि दुकानदाराला खरंच कळायचं. श्रावण असेल तर कापसाची वस्त्रं आणि कापूर जास्त, भाद्रपदात जानवीजोड, सुपाऱ्या, अष्टगंध, संक्रांतीच्या आधी तीळ आणि सुगडं कुठे मिळतील त्याचा निरोप. कोणत्या महिन्यात या घरी काय लागतं हे त्याला पाठ होतं, कारण आधी त्याच्या वडिलांनी तेच सामान आमच्याकडे दिलेलं. त्या ‘वगैरे’च्या मागे दोन पिढ्यांची ओळख होती. पुढे आम्ही शहरात राहायला आलो आणि आजीने पहिल्यांदा तिथल्या दुकानात “पूजेचं सामान वगैरे” म्हटलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “आजी, नक्की काय देऊ?” आजी घरी येईपर्यंत गप्प होती. परकं गाव म्हणजे काय, ते तिला तेव्हा उमगलं असावं.

काकूंच्या प्रश्नानंतर मी इंग्रजीतले असे अर्धवट सोडण्याचे शब्द जरा लक्ष देऊन पाहू लागले. किती तऱ्हेचे आहेत ते! ‘एटसेट्रा’ हे लॅटिन, त्याचा अर्थ ‘आणि बाकीचं’. म्हणजे बाकीचं ठरलेलं आहे, फक्त इथे लिहिलं नाही, असा त्याचा भाव. जुन्या छापील इंग्रजीत ते ‘अँड’च्या चिन्हापुढे नुसतं ‘सी’ लावून लिहीत, कारण ते चिन्हच मुळात लॅटिन ‘एट’ची दोन अक्षरं एकमेकांत गुंफून झालेलं आहे. ‘अँड सो ऑन’मध्ये चाल आहे, पायऱ्या मोजत जावं तसं पुढचं आपोआप येणार. ‘अँड द लाइक’ म्हणतं, याच वाणाचं धरा. ‘अँड व्हॉटनॉट’ ऐकलं की मला उघड्या फळ्यांची ती उंच मांडणी दिसते, व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी घरांत शोभेच्या चिल्लर वस्तू ठेवायला असायची ती. तिला खरोखरच ‘व्हॉटनॉट’ म्हणत. आणि मग तोंडी बोलण्यातले शब्द: ‘अँड स्टफ’, ‘अँड थिंग्ज लाइक दॅट’, ‘अँड एव्हरीथिंग’, ‘ऑर समथिंग’. शाळेतल्या व्याकरणात यांना जागा नव्हती. आळशी बोलणं, एवढाच शेरा मिळायचा.

हा शेरा चुकीचा आहे असं मला आता ठामपणे वाटतं. १९८० साली एलिझाबेथ डाइन्स यांनी ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजीत बायका बोलताना ‘अँड स्टफ लाइक दॅट’ कसं वापरतात याचा अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं असं की हे शब्द काम करतात: आत्ता सांगितलेली गोष्ट हा एक नमुना आहे, तिच्यामागे सगळा संच आहे, तो तू ओळख, असं ऐकणाराला सांगतात. पुढे १९९९ साली मेरीअ‍ॅन ओव्हरस्ट्रीट यांनी मित्रमैत्रिणींच्या आणि घरातल्या माणसांच्या गप्पा ऐकून आणखी एक पाऊल टाकलं. पुष्कळदा असा नेमका संच कुणाच्याच मनात नसतो, असं त्यांना दिसलं. बोलणारा एवढंच सांगत असतो की आपण दोघं एकाच जगात राहतो, सगळं फोड करून सांगायची गरज नाही. ‘अँड’ने सुरू होणारे शब्द ‘आणखी आहे’ म्हणतात; ‘ऑर’ने सुरू होणारे ‘दुसरंही चालेल’ म्हणतात आणि समोरच्याला नाही म्हणायला वाट ठेवतात. मला हे वाचताना सारखी आजी आठवत होती. तिचं “त्याला कळतं” आणि ओव्हरस्ट्रीटबाईंचा सिद्धांत यांत अंतर फारसं नाही.

या शब्दांना वर्ग असतो हेही खरं. जेनी चेशायर यांनी इंग्लंडमधल्या रेडिंग, मिल्टन कीन्स आणि हल या तीन गावांतल्या तरुण मुलामुलींचं बोलणं तपासलं, त्यावरचा लेख २००७ साली आला. कामगारवस्तीतली मुलं वाक्याच्या शेवटी नुसतं ‘अँड दॅट’ म्हणतात आणि मध्यमवर्गी मुलं ‘अँड स्टफ’, ‘अँड थिंग्ज’ म्हणतात, असा साधारण कल त्यात दिसला. म्हणजे यादी कशी सोडली यावरून माणूस कुठल्या आळीतला ते कळतं. आपल्याकडे इंग्रजी बोलताना आपण ‘अँड ऑल’ म्हणतो. “ही केम इन सूट अँड ऑल.” मुंबईत हे इतकं ऐकू येतं की कानाला वेगळं वाटतच नाही. माझा अंदाज असा की त्यामागे आपलं ‘वगैरे’ आणि आपलं ‘बि’ उभं आहे. चहाबिहा, पुस्तकंबिस्तकं, लग्नबिग्न. नुसतं एक अक्षर बदलून शब्दाला त्याचं सगळं गणगोत चिकटवायची ही सोय इंग्रजीत नाही, मग आपण ‘अँड ऑल’ला ते काम दिलं. परदेशी मुलाखतीत असं बोलू नका असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी सांगणार नाही. आपल्या माणसांना इंग्रजीतही कडेवर घ्यायची ही रीत आहे.

पण मग तोच शब्द काकूंच्या बोटाखाली आल्यावर इतका कोरडा का वाटला?

याचं उत्तर शोधताना मला इंग्लंडचा १६४० सालचा एक प्रसंग सापडला, आणि त्याने माझ्या मनात बरंच काही जागेवर बसवलं. पहिल्या चार्ल्स राजाचा काळ. आर्चबिशप विल्यम लॉड चर्चवर आपली शिस्त बसवत होते. त्या वर्षी धर्मसभेने नवे नियम केले आणि त्यांतल्या सहाव्या नियमात एक शपथ घातली. पाद्र्यांनी तर ती घ्यायचीच, शिवाय शाळामास्तरांनी आणि वैद्यांनीही. शपथेत एक वाक्य असं होतं की आर्चबिशप, बिशप, डीन, आर्चडीकन एटसेट्रा यांच्याकडून चालणारा या चर्चचा कारभार बदलायला मी कधीही संमती देणार नाही. त्या एका ‘एटसेट्रा’ने देश ढवळून निघाला. लोक विचारू लागले, यात आणखी कोण आहे? उद्या या शब्दात कुणालाही आणून बसवलं तर? देवाला साक्ष ठेवून ज्याची शपथ घ्यायची, ते काय आहे हेच सांगत नसाल तर ती घ्यायची कशी? त्या शपथेचं नावच पडलं ‘एटसेट्रा ओथ’. गिल्ला एवढा झाला की राजाला तिची अंमलबजावणी थांबवायला सांगावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी पार्लमेंट भरलं, त्याने हे सगळे नियम बेकायदा ठरवले आणि लॉडवर महाभियोग आणला. १६४२ साली यादवी पेटली, १६४५ साली लॉडचा शिरच्छेद झाला. कारणं अर्थातच मोठी होती आणि पुष्कळ होती. पण एका खेड्यातल्या पाद्र्याने किंवा शाळामास्तराने समोरच्या कागदावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न त्यांत आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

दुकानदाराला आजीचं ‘वगैरे’ भरून काढता येत होतं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणता येत होतं. शपथ घेणाराला ते भरता येत नव्हतं. ते भरायचा हक्क शपथ लिहिणाराकडे होता. शब्द तोच, पण रिकामी जागा कोण भरणार यावर त्याची सारी जात ठरते.

कायद्याने हा पेच फार आधी ओळखला. यादीच्या शेवटी ‘किंवा इतर’ असं आलं तर ते ‘इतर’ आधीच्या वस्तूंच्याच जातीचं असलं पाहिजे, असा न्यायालयांचा एक जुना दंडक आहे. १८५३ साली इंग्लंडात जुगाराचे अड्डे बंद करणारा कायदा झाला. पैजा लावण्यासाठी ‘घर, कचेरी, खोली किंवा इतर जागा’ चालवायची नाही, अशी त्यात भाषा होती. लंडनजवळच्या केम्प्टन पार्कच्या रेसकोर्सवर उघड्या मैदानात, नुसत्या कुंपणाच्या आत, पैजा लागत. ती ‘इतर जागा’ म्हणायची का? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९९ साली निकाल लागला की नाही. घर, कचेरी, खोली या सगळ्या छपराखालच्या जागा. उघडं मैदान त्यांच्या पंगतीत बसत नाही. पाणिनीय व्याकरण शिकलेल्यांना हे ऐकून ‘आकृतिगण’ आठवेल. गण म्हणजे एकाच नियमाखाली येणाऱ्या शब्दांची यादी. काही गणांतले शब्द मोजून दिलेले असतात, आणि काही गण उघडे ठेवलेले असतात, पण त्यांत नवा शब्द घ्यायचा तर त्याच्या रूपावरून तो त्याच कुळातला आहे हे दिसावं लागतं. उघडी यादी म्हणजे मोकाट यादी असं तिथेही नाही.

हा दंडक दर वेळी लागू होतोच असं मात्र नाही, आणि त्याचं एक उदाहरण थेट मुंबईचं आहे. १९४८ च्या मुंबई जमीन अधिग्रहण कायद्यात सरकारला जागा ताब्यात घ्यायचा अधिकार दिला होता तो ‘राज्याच्या कारणासाठी किंवा इतर कोणत्याही सार्वजनिक कारणासाठी’. सरकारने एका परदेशी वकिलातीतल्या कर्मचाऱ्याला राहायला म्हणून जागा ताब्यात घेतली. परदेशी वकिलात हे राज्याचं कारण कसं, आणि मग ते ‘इतर’मध्ये तरी कसं बसतं, असा वाद झाला. अली गुलशन यांच्या या खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला: इथे ‘इतर’ला आधीच्या शब्दाच्या जातीत कोंबायचं कारण नाही, ‘सार्वजनिक कारण’ हीच मोठी जात आणि राज्याचं कारण ही तिची पोटजात. निकालाच्या तर्काशी मला भांडायचं नाही. पण ‘इतर’ या तीन अक्षरांवर कुणाचं तरी घर अवलंबून होतं, एवढं मनातून जात नाही. आता तर वकील सावध झाले आहेत. भाडेकरार असो की अ‍ॅप वापरायच्या अटी, सगळीकडे ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ असतं. यादी देतो, पण तिने आम्ही बांधलेलो नाही. अशा कागदावर सही करताना १६४० सालच्या त्या माणसांइतकं धैर्य आपल्यापैकी कुणी दाखवत नाही. आपण खाली सरकवत जातो आणि ‘अ‍ॅग्री’वर बोट टेकवतो.

यादी सोडून देण्याची एक अगदी वेगळी तऱ्हा जुन्या सरकारी पत्रांत दिसते. इंग्रजी अमलातल्या पत्रव्यवहाराचे छापील खंड चाळले की पत्रांच्या शेवटी ‘आय हॅव, एटसेट्रा’ एवढंच दिसतं. मूळ पत्रात तिथे ‘आय हॅव द ऑनर टू बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ असं लांबलचक विनयाचं वाक्य असायचं. प्रत्येक पत्रात तेच, म्हणून छापणाराने पुढचं गाळलं. वाचणाराला ते पाठच होतं. आपल्या जुन्या पत्रांतही शेवटी हात आखडता घेतला आहे, पण काय देखणेपणाने! ‘बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ असा.’ मला हे वाक्य यादी संपवण्याचं सर्वांत सुंदर वाक्य वाटतं. लिहिणारा थांबतो ते जागा संपली म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून नाही. तुम्हाला कळेल, म्हणून तो थांबतो. आणि कळेल हे तोंडावर सांगतोही. ‘एटसेट्रा’मध्ये जे अध्याहृत आहे ते इथे उघड झालं आहे. शिवाजी महाराजांच्या काळातली पत्रं वाचताना त्या ओळीशी आलं की मी दर वेळी क्षणभर थांबते.

माणसांच्या याद्यांचं मात्र काय करावं, हे मला नीटसं सुटलेलं नाही. विज्ञानाच्या लेखांत पहिलं नाव देऊन पुढे ‘एट अल’ म्हणतात. लॅटिनमध्ये पुरुष असतील तर शब्द वेगळा, सगळ्या बायका असतील तर वेगळा. पण आखूड रूप एकच, त्यामुळे मागे कोण आहे हे त्यावरून कळायची सोय नाही. २०१५ साली हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाबद्दल दोन मोठ्या प्रयोगगटांनी मिळून एक लेख छापला. तेहेतीस पानांचा. त्यातला मजकूर आणि संदर्भ मिळून नऊ पानं, उरलेली चोवीस पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. एकूण लेखक ५,१५४. आणि संदर्भ देताना तो लेख होतो ‘आद, एट अल’. जॉर्ज आद यांचं आडनाव इंग्रजी वर्णानुक्रमात सर्वांत आधी येतं, एवढ्यामुळे. उरलेल्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली माणसं आहेत, भाभा अणुसंशोधन केंद्रातली आहेत. कुणी वर्षानुवर्षं एका उपकरणाच्या जोडण्या तपासल्या असतील, कुणी रात्रपाळीला पडद्यासमोर बसून राहिलं असेल. तरी मला या उदाहरणाने धीर आला. कारण ती चोवीस पानं छापली आहेत. ‘एट अल’ म्हणणाराला विचारलं की यात कोण कोण, तर तो ते पान उघडून बोट ठेवून दाखवू शकतो. आखूड बोलायला हरकत नाही, लांब यादी कुठेतरी शाबूत पाहिजे.

म्हणून आम्ही वाचनालयाची जुनी इतिवृत्तं काढली. रेक्झिनच्या वह्या, पानांच्या कडा तपकिरी, शाई कुठे जांभळी तर कुठे उडून गेलेली. पहिल्या सभेचा वृत्तांत सुरेख अक्षरात होता. चार नावं होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘वगैरे मंडळी हजर होती.’ म्हणजे दोष इंग्रजीचा एकटीचा नव्हताच. आम्ही पावत्या पाहिल्या, देणगीच्या नोंदी पाहिल्या, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. बरीच नावं मिळाली. मामंजींचं नाव बांधणीच्या मजुरीच्या खात्यात होतं, पुढे रकमेच्या जागी ‘घेतली नाही’ असं लिहिलेलं. एक बाई होत्या, त्यांनी पहिलं कपाट दिलं होतं, त्यांची नोंद फक्त ‘अमक्यांची विधवा बहीण’ अशी. तिचं नाव शोधायला आम्ही देवळाच्या वर्गणीदारांपर्यंत गेलो आणि तिथेही ते नव्हतं. स्मरणिकेत सगळी सापडलेली नावं छापली, आणि तिच्यासाठी काय लिहायचं यावर सभेत तासभर बोलणं झालं. काहींना ती ओळच नको होती, नाव नाही तर नोंद कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. ‘कपाट देणारी, नाव नोंदलेलं नाही’ अशी ओळ शेवटी छापली गेली. ‘इतर’पेक्षा ती ओळ खरी आहे.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाचं लेखन ज्या नियमांनी चालतं त्यांत ‘एटसेट्रा’ शक्यतो टाळा आणि उदाहरणार्थसाठीचं ‘ई.जी.’ हे लॅटिन आखूड रूपही नको, असं सांगितलं आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं पडद्यावरचं यंत्राकडून वाचून घेतात, आणि ते यंत्र ‘ई.जी.’चा उच्चार कधी कधी ‘एग’ असा करतं. मला हा नियम मनापासून आवडला. ज्याला ऐकू जाणार आहे त्याचा विचार करून लिहा, एवढंच तो म्हणतो. पेन्शनच्या अर्जासोबत कोणती कागदपत्रं जोडायची हे सांगताना ‘ओळखपत्र वगैरे’ लिहिणाऱ्या आपल्या सगळ्या सूचनाफलकांसमोर मी तो मराठीत लावीन. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या ‘वगैरे’साठी पुन्हा एसटीने यावं लागतं. त्याला यादी द्या, पुरी द्या.

घरात, गप्पांत, मैत्रीत मात्र हे शब्द राहू देत. माझी भाची लीड्सला शिकायला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीने विचारलं, “डू यू फॅन्सी अ ब्रू ऑर समथिंग?” ‘ब्रू’ म्हणजे तिकडे चहा. भाचीने रात्री फोन करून मला विचारलं, “मावशी, ‘ऑर समथिंग’ म्हणजे त्यांना काय द्यायचं असतं?” मी म्हटलं, काही ठरलेलं नसतं, तुला चहा नको असेल तर अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते आहे. तिला ते पटलं, आणि थोड्या महिन्यांत तिच्याही बोलण्यात ‘ऑर समथिंग’ आलं, मागोमाग ‘अँड दॅट’ही. गेल्या वर्षी त्यांच्याकडे नांदेडची एक मुलगी राहायला आली. लांबच्या प्रवासाने थकलेली, सामान अजून दारातच. भाचीने सवयीने विचारलं, “ब्रू ऑर समथिंग?” ती मुलगी म्हणाली, “समथिंगमध्ये काय काय आहे?” भाचीने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि एकेक डबा ओट्यावर काढून ठेवला: जाडे पोहे, मॅगी, लसणाची चटणी, माझ्या बहिणीने पाठवलेली शंकरपाळी, राजगिऱ्याच्या वड्या, मेतकूट. त्या मुलीने पोह्यांचा डबा पुढे ओढला आणि कांदे कुठे ठेवता ते विचारलं.